एका सुरीला आलेलं उत्तर

1951 साली बर्नार्ड डिव्होटो सुऱ्यांवर भडकला. हा माणूस मूळचा इतिहासकार. अमेरिकेच्या पश्चिम भागाचा इतिहास लिहून त्याने 1948 साली पुलित्झर पारितोषिक मिळवलं होतं. 'हार्पर्स' मासिकात 'द ईझी चेअर' नावाचं सदर तो वर्षानुवर्षं चालवत होता. पण या आरामखुर्चीत बसून त्याने आरामात असं फारसं काही लिहिलं नाही. सरकारी कुरणं गिळू पाहणारे गुरांचे बडे मालक, नागरिकांच्या खासगी आयुष्यात नाक खुपसणारी एफबीआय, अशांशी त्याचं भांडण चालू असायचं. या खेपेला भांडण स्वयंपाकघरातलं निघालं. अमेरिकी दुकानांत ज्या स्टेनलेस स्टीलच्या सुऱ्या विकतात त्या दिसायला चकचकीत असतात, पण त्यांनी काही चिरलं जात नाही, अशी त्याची तक्रार होती.

ज्यांच्या घरात आजीची लोखंडी विळी अजून आहे त्यांना ही तक्रार समजावून सांगायला नको. लोखंडी पात्याला गंज धरतो, लिंबू चिरलं की ते काळं पडतं, धुतल्याबरोबर पुसून ठेवावं लागतं. पण दगडावर चार हात मारले की पुन्हा धार येते. स्टेनलेसची विळी वर्षानुवर्षं तशीच चमकते आणि टोमॅटो चिरायच्या ऐवजी चेपते. त्या काळच्या अमेरिकी कारखानदारांनी गिऱ्हाइकाची नाडी ओळखली होती. दुकानात चमक दिसते, धार दिसत नाही.

हा लेख पॅरिसमध्ये एका अमेरिकी बाईच्या वाचनात आला. ज्युलिया चाइल्ड तिचं नाव. वय एकोणचाळीस, उंची सहा फूट दोन इंच, नवरा अमेरिकी वकिलातीच्या माहिती खात्यात नोकरीला. लेखकाचं म्हणणं तिला इतकं पटलं की 1952 च्या मार्चमध्ये तिने त्याला पत्र लिहिलं आणि सोबत एक छोटी फ्रेंच सुरी पाठवून दिली. साध्या पोलादाची, गंजणारी आणि चिरणारी.

डिव्होटोकडे वाचकांची पत्रं ढिगाने येत. त्यांना उत्तरं द्यायचं काम त्याच्या बायकोकडे होतं. एव्हिस डिव्होटो बोस्टनजवळच्या केंब्रिज गावात राहायची. दोन मुलगे, नवऱ्याचे पाहुणे, त्याची टपालं, टंकलेखन आणि स्वयंपाक असा तिचा दिवस. 'आपली सुरी पोचली, आभारी आहे' एवढ्या दोन ओळींत ती हा विषय संपवू शकली असती. रिवाजाला तेवढं पुरेसं होतं. पण सुऱ्या रोज हातात धरणारी तीच होती. एप्रिलमध्ये तिने उत्तर टाइप करायला घेतलं, आणि ते पानांमागून पानं वाढत गेलं.

पुढे दोन वर्षं त्या दोघी एकमेकींना न पाहता लिहीत राहिल्या. जगातल्या एका गाजलेल्या पाककृतींच्या पुस्तकाचा पाया या टपालात घातला गेला. पुस्तकाची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. सिनेमाही येऊन गेला. मला या पत्रव्यवहाराकडे वेगळ्या कारणासाठी पाहायचं आहे. समान आवडीवर जुळलेली, हजारो मैलांवरची मैत्री नेमकी कशाच्या जोरावर टिकते, याचं इतकं तपशीलवार दप्तर दुसरीकडे सहसा सापडत नाही.

दोन बायका, दोन ओटे

वरवर पाहता दोघींत साम्य थोडं. एव्हिसचा जन्म 1904 चा, मिशिगन राज्यातल्या ह्यूटन गावचा. कॉलेजात जो शिकवायला होता त्याच्याशीच लग्न झालं, तेही विसाव्या वर्षाच्या आत. मग संसार. ज्युलिया तिच्याहून आठ वर्षांनी लहान, कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनाच्या सुखवस्तू घरातली. दुसऱ्या महायुद्धात ती अमेरिकी हेरखात्याच्या कचेरीत नोकरीला लागली आणि सिलोनमध्ये कँडीला जाऊन पोचली. तिथेच पॉल चाइल्डची ओळख झाली. पुढे दोघांची चीनमध्ये बदली झाली, युद्धानंतर लग्न झालं. 1948 मध्ये पॉलची नेमणूक पॅरिसला झाली तेव्हा ज्युलियाला धड स्वयंपाक येत नव्हता. माहेरी स्वयंपाकीण होती. कॉर्डाँ ब्लू या पाकशाळेत तिने नाव घातलं ते वयाच्या सदतिसाव्या वर्षी, आणि तिथे तिच्या वर्गात होते अमेरिकेचे माजी सैनिक, हॉटेलं काढायच्या तयारीत असलेले.

मूल नसलेली, खाण्यामागे वेडी झालेली, परदेशात राहणारी एक बाई. मुलं मोठी होत आलेली, पुस्तकांच्या ढिगाऱ्यात आणि नवऱ्याच्या पाहुण्यांत वावरणारी दुसरी. जुळलं ते एका जागी. रांधणं दोघींनाही हलकं काम वाटत नव्हतं. त्या काळच्या अमेरिकेत बायकांना सांगितलं जात होतं की स्वयंपाकघरातून लवकरात लवकर बाहेर पडा, डबा उघडा, पाकीट फोडा, गोठवलेलं गरम करा. या दोघींना त्यात रस नव्हता. ओट्यापाशी उभं राहून विचार करता येतो, वाद घालता येतो आणि त्यात अक्कल लागते, असं मानणारं माणूस आपल्या गल्लीत भेटलं नाही तर ते समुद्रापलीकडे शोधावं लागतं.

पत्रांत सुरीच्या मागोमाग शॅलट आले. शॅलट म्हणजे कांद्याच्या कुळातली एक छोटी, लांबट जात. सोलली की आत लसणासारख्या पाकळ्या निघतात, चव कांद्याहून सौम्य. आपल्याकडच्या सांबारातल्या लहान कांद्यांचे हे चुलतभाऊ म्हणता येतील. फ्रेंच सॉसला ते लागतातच, आणि त्या काळी अमेरिकेतल्या बाजारात ते सहजी मिळत नसत. आता 'बर ब्लाँ' हा सॉस घ्या. बारीक चिरलेले शॅलट पांढरी वाइन आणि व्हिनेगरमध्ये आटवायचे, पातेल्यात जेमतेम चमचा-दोन चमचे रस उरला की मंद आचेवर थंडगार लोण्याचे तुकडे एकेक घालत घोटत राहायचं. लोणी वितळून तेल होता कामा नये. ते दाट, पांढुरकं, साईसारखं राहायला हवं. आच कणभर वाढली की सॉस फुटतो आणि माशावर पिवळं तूप तरंगतं. फ्रान्समध्ये याच्या भोवती मोठं गूढ उभं केलेलं होतं; ठरावीक खानावळीतल्या ठरावीक माणसालाच तो जमतो, असा समज. ज्युलियाने गूढ बाजूला सारून कृती पायरीपायरीने मांडली. पण ती मांडणी खरी की खोटी हे ठरवायला केंब्रिजमधलं पातेलं, तिथली शेगडी आणि तिथलं लोणी लागणार होतं. दूरच्या मैत्रिणीची गरज नेमकी इथे उभी राहिली.

अंतर हेच भांडवल

ज्युलिया तेव्हा सिमोन बेक आणि लुईझेत बेर्तोल या दोन फ्रेंच मैत्रिणींबरोबर पॅरिसमध्ये अमेरिकी बायकांसाठी स्वयंपाकाचा छोटा वर्ग चालवत होती. त्या दोघींनी आधीच फ्रेंच पाककृतींचं एक हस्तलिखित करायला घेतलं होतं; ज्युलिया त्यात ओढली गेली आणि बघता बघता तिने ते मुळापासून उसवलं. पुस्तक लिहायचं ते अमेरिकेतल्या, घरात नोकर नसलेल्या बाईसाठी. तिला फ्रेंच बाजार मिळणार नाही, फ्रेंच आजीही मिळणार नाही. तेव्हा कृतीत एकही गोष्ट गृहीत धरायची नाही.

बोलायला हे सोपं आहे. फ्रान्सचं पीठ मऊ गव्हाचं, अमेरिकेचं घरगुती वापराचं पीठ जास्त चिवट. तेवढंच लोणी घालून मळलं तर पाई आणि टार्टची पारी वेगळी होते. फ्रेंच साय किंचित आंबवलेली आणि दाट, अमेरिकी साय गोड आणि पातळ. बैल कापायची पद्धतच दोन देशांत निराळी, त्यामुळे फ्रेंच खाटकाने सांगितलेला तुकडा अमेरिकी दुकानात त्या नावाने तर नाहीच, त्या आकाराने पण नाही. कोंबडीची प्रतवारी वेगळी. खरा युरोपी सोल मासा अटलांटिकच्या पलीकडे पोहतच नाही. शंभर वर्षांच्या फ्रेंच पुस्तकांत यातल्या एकाही अडचणीला उत्तर नव्हतं, कारण ती पुस्तकं फ्रान्समध्येच वाचली जायची.

उत्तर एव्हिसच्या स्वयंपाकघरात होतं. पॅरिसहून कृती यायची, ती केंब्रिजमध्ये करून बघितली जायची, आणि जे झालं ते परतीच्या टपालाने कळायचं. बाजारात काय मिळतं, कशाला पर्याय चालतो, कुठलं वाक्य वाचून हात थबकतो, कुठला शब्द अमेरिकी बाईला कळणार नाही. कृती बाहेर फुटू नयेत म्हणून ज्युलिया फार जपत असे. निवडक माणसांनाच, कुणाला दाखवू नका अशी ताकीद देऊन त्या पाठवत असे. ज्या बाईला आपण अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही तिला ती या मोजक्या माणसांत धरू लागली, यावरून टपालाने केवढी मजल मारली होती ते कळतं.

दोघी एकाच गावात असत्या तर हे घडलं नसतं. शेजारीण घरी येते, चमचा बुडवते, 'छान झालंय' म्हणते आणि विषय मुलांच्या शाळेवर जातो. दूरच्या माणसाला चव पाठवता येत नाही. सॉस फुटला तर केव्हा फुटला, आच किती होती, लोणी थंड होतं की नरम, पातेलं कशाचं, हे सगळं लिहावं लागतं. आणि लिहायचं म्हणून आधी नीट बघावं लागतं. पुढे ज्या काटेकोरपणासाठी ज्युलियाचं पुस्तक नावाजलं गेलं तो काटेकोरपणा अशा लिहिण्यातून मुरलेला आहे.

पाककृतीच्या ओळींमधलं घर

पण फक्त सॉसची पत्रं असती तर ती कारखान्याची कागदपत्रं झाली असती. कृती संपली की दोघी पुढे लिहीत. नवरे, त्यांची तब्येत, मुलं, घरकाम, वाचलेली पुस्तकं, आलेले पाहुणे, कपडे, वय. एकमेकी दिसतात तरी कशा म्हणून फोटो पाठवले गेले. बर्नार्डला संध्याकाळच्या मार्टिनीचं फार अप्रूप; त्यावर त्याने 'द अवर' नावाचं छोटं पुस्तकच लिहिलं होतं. ज्युलियाच्या घरी पॉल चित्रं काढायचा, फोटो काढायचा, वाइनची पारख करायचा. या घरगुती बातम्यांचा साठा इतका वाढला की प्रत्यक्ष भेटीत ओळख करून द्यायला नावापलीकडे काही उरणार नव्हतं.

त्यातच राजकारण आलं. हा काळ सेनेटर जोसेफ मॅकार्थीचा. सरकारी नोकर, प्राध्यापक, लेखक, कुणावरही कम्युनिस्ट असल्याचा संशय घेतला जात होता आणि संशय हाच पुरावा धरला जात होता. दोघीही उदारमतवादी, दोघींनाही 1952 च्या निवडणुकीत अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन हवा होता, आणि दोघींनाही मॅकार्थीचा संताप होता. ज्युलियाचे वडील कट्टर रिपब्लिकन. राजकारणावर बाप-लेकीचं पटणं शक्यच नव्हतं. जे पॅसाडीनाला माहेरी लिहिता येत नव्हतं ते केंब्रिजला लिहिता येत होतं. 1954 मध्ये ज्युलियाच्या स्मिथ कॉलेजातल्या पाच प्राध्यापकांवर एका माजी विद्यार्थिनीने असेच आरोप केले, तेव्हा ज्युलियाने त्या बाईला खरमरीत पत्र लिहून निषेध नोंदवला. पुढच्याच वर्षी, एप्रिल 1955 मध्ये, हे प्रकरण तिच्या स्वतःच्या उंबऱ्यापर्यंत आलं. पॉलला जर्मनीहून तातडीने वॉशिंग्टनला बोलावण्यात आलं. बढती असणार अशी नवरा-बायकोची समजूत. प्रत्यक्षात त्याची कसून उलटतपासणी झाली: मित्र कोण, युद्धकाळातली एक ओळखीची बाई हेर होती का, तुम्ही समलिंगी आहात का. शेवटी तो निर्दोष ठरला. मनातली अढी मात्र गेली नाही. ज्या नवऱ्याने एफबीआयला जाहीरपणे सुनावलं होतं त्याच्या बायकोला हे सगळं काय असतं ते सांगावं लागत नव्हतं.

आणि मग नोव्हेंबर 1955 मध्ये बर्नार्ड अचानक गेला. एव्हिसला पन्नाशी उलटून एकच वर्ष झालेलं, धाकटा मुलगा अजून शिकत होता. उत्पन्न लेखणीचं होतं आणि लेखणी थांबली होती. तिने नोकरी धरली. पत्रं चालू राहिली. ज्या मैत्रीची सुरुवात नवऱ्याच्या वतीने उत्तर देण्याने झाली होती तिला आता नवऱ्याच्या निमित्ताची गरज नव्हती.

जमिनीवरचं काम

1954 च्या जुलैमध्ये चाइल्ड पती-पत्नी सुट्टीवर मायदेशी आले आणि दोघी पहिल्यांदा भेटल्या. न पाहिलेल्या मित्राला भेटायला जाताना पोटात गोळा येतो. पत्रातलं माणूस प्रत्यक्षात उतरेल का, ही धास्ती असते. इथे ते उतरलं. भेटीनंतर पत्रं आटली नाहीत, हीच त्याची पावती.

आवडीवर जुळलेली मैत्री 'वा, छान' एवढ्यावर थांबते की दुसऱ्याच्या कामाला खांदा देते, याची कसोटी पुढे होती. 1953 मध्येच एव्हिसने हस्तलिखिताचा काही भाग तिच्या नवऱ्याच्या प्रकाशकांकडे, बोस्टनच्या हॉटन मिफ्लिनकडे नेला होता. त्यांनी करार केला, 750 डॉलर आगाऊ कबूल केले. चाइल्ड यांचा पत्ता मात्र दर दोन-तीन वर्षांनी बदलत होता: पॅरिसहून मार्सेय, तिथून जर्मनीत बॉनजवळ, मग वॉशिंग्टन, मग नॉर्वेतलं ओस्लो. प्रत्येक बदलीला स्वयंपाकघर खोक्यांत भरायचं, नवीन गावात भाजीवाला, खाटीक आणि शेगडी नव्याने समजून घ्यायची. एव्हिस एका जागी होती. कागद तिच्याकडे जमत होते, प्रकाशकांशी बोलणं तिच्याकडून होत होतं.

1958 मध्ये हस्तलिखित प्रकाशकांपुढे गेलं तेव्हा सातशेच्यावर पानं होऊनही त्यात मुख्यतः सूप, सॉस आणि कोंबडी-बदकंच आली होती. नकार आला. पुस्तक नव्याने बांधलं. 1959 मध्ये तेही परत आलं. अमेरिकी बाईला झटपट हवंय आणि हे तर ज्ञानकोशासारखं आहे, असं प्रकाशकांना वाटलं. आठ वर्षांच्या कष्टांनंतर आलेल्या या नकाराने ज्युलिया खचली. एव्हिसने न खचता हस्तलिखित न्यूयॉर्कच्या आल्फ्रेड नॉफ या संस्थेत, विल्यम कॉश्लंड यांच्याकडे धाडलं. तिथून ते ज्युडिथ जोन्स या तरुण संपादिकेच्या टेबलावर आलं. पॅरिसमध्ये नोकरी करत असताना नाकारलेल्या कागदांच्या ढिगातून अ‍ॅन फ्रँकची डायरी वर काढणारी ती हीच. तिने पानं नुसती वाचली नाहीत. घरी जाऊन कृती करून बघितल्या, आणि त्या जमल्या. 'मास्टरिंग द आर्ट ऑफ फ्रेंच कुकिंग' 16 ऑक्टोबर 1961 रोजी प्रसिद्ध झालं. ऋणनिर्देशात तिन्ही लेखिकांनी एव्हिसला या पुस्तकाची पालक आई आणि दाई मानलं आहे. मुखपृष्ठावर तिचं नाव नाही.

त्याच वर्षी ज्युलिया आणि पॉल नोकरीतून मोकळे होऊन केंब्रिजमध्येच स्थायिक झाले. 1963 मध्ये बोस्टनच्या दूरदर्शन केंद्रावर 'द फ्रेंच शेफ' सुरू झालं आणि ज्युलिया घराघरात पोचली. दोघी आता शेजारणी झाल्या, त्यामुळे लिहिण्याचं कारण उरलं नाही. मैत्री एव्हिसच्या 1989 मधल्या मृत्यूपर्यंत टिकली, पण वाचण्यासारखं दप्तर मागे राहिलं ते दूर असण्याच्या वर्षांचं. ज्युलिया 2004 मध्ये गेली. तिचं अख्खं स्वयंपाकघर आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे आणि पत्रं हार्वर्डच्या श्लेसिंजर ग्रंथालयात. जोन रिअर्डन या अभ्यासिकेने संपादित केलेला त्यांचा संग्रह 2010 मध्ये प्रसिद्ध झाला.

पुस्तकांच्या दुकानात अंडी

याच सुमारास उलट्या दिशेने दुसरा एक व्यवहार चालू होता. हेलीन हॅन्फ ही न्यूयॉर्कमधली फटकळ, तुटपुंज्या मिळकतीची लेखिका. 1949 च्या ऑक्टोबरमध्ये तिने लंडनच्या 84, चेअरिंग क्रॉस रोड या पत्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानाला हव्या असलेल्या पुस्तकांची यादी पाठवली. उत्तर देणारा होता फ्रँक डोल, अतिशय सभ्य, औपचारिक माणूस. पुस्तकांच्या बिलांतून ओळख वाढत असताना तिला कळलं की युद्ध जिंकूनही इंग्लंडमध्ये अजून रेशन चालू आहे. मांस, अंडी, लोणी, साखर, सगळं मोजून मिळतं. डेन्मार्कहून इंग्लंडला खाद्यपदार्थ पोचवणारी एक कंपनी होती. तिच्यामार्फत तिने नाताळसाठी दुकानाच्या पत्त्यावर हॅम धाडला, आणि मग मालकांची नावं पाहून धसकली की हे डुकराचं मांस न खाणारे ज्यू असले तर? ती स्वतः ज्यू होती.

पुढे डबाबंद मांस गेलं, अंडी गेली. मोठं मन असतंच पुष्कळांकडे. दुकानातल्या सगळ्यांना काय वाटून घेता येईल याची चौकशी करण्याची चिकाटी थोड्यांकडे असते. दुकानातल्या एका मुलीने उलट टपाली यॉर्कशायर पुडिंगची कृती पाठवली. फ्रँकच्या शेजारच्या वृद्ध बाईंनी भरतकाम केलेला टेबलक्लॉथ दुकानातल्या लोकांनी भेट म्हणून पाठवला. इंग्लंडमधलं रेशन जुलै 1954 मध्ये संपलं, तरी पत्रं चालू राहिली. हेलीन लंडनला जायचं दरवर्षी ठरवायची. कधी दातांच्या डॉक्टरचं बिल आडवं यायचं, कधी घर बदलावं लागायचं. डिसेंबर 1968 मध्ये फ्रँक वारला. दोघांची भेट झालीच नाही. 1970 मध्ये तिने ती पत्रं पुस्तकरूपात आणली, आणि आयुष्यभर न मिळालेला लौकिक त्या पत्रांनी तिला दिला.

एव्हिस-ज्युलियाची गोष्ट ऐकून कुणाला वाटेल की अशी मैत्री एखादं मोठं काम उभं करते म्हणूनच मोलाची. हेलीनच्या गोष्टीत कुठलंच काम नाही. मोजून मिळणारं मांस आणि जुनी पुस्तकं एवढंच आहे, आणि तेही पुरेसं झालं.

आपल्या घरातलं टपाल

1970 सालीच मराठीत कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आलं. वाटी-चमच्याच्या मापात सांगितलेल्या कृती, तेही अशा समाजात जिथे 'अंदाजाने घाल' हेच शेवटचं प्रमाण होतं. मुली शिक्षणाला, नोकरीला, लग्न होऊन दूर जाऊ लागल्या होत्या. आईच्या हाताचा अंदाज त्यांना सामानात नेता येत नव्हता, वाटी नेता येत होती. केंब्रिजच्या बाईची आणि बोरिवलीच्या बाईची अडचण अशी एकच होती: शिकवणारं माणूस ओट्यापाशी नाही.

मराठीत दूरच्या मैत्रीचा मोठा पत्रव्यवहार म्हटला की सुनीताबाई देशपांडे आणि जी. ए. कुलकर्णी आठवतात. जी. ए. धारवाडला, माणसांपासून अंतर राखून, सुनीताबाई पु. लं.च्या घरातल्या अखंड वर्दळीत. 'प्रिय जी. ए.' हा सुनीताबाईंच्या पत्रांचा संग्रह 2003 मध्ये आला आणि तो अजून वाचला जातो. पण तो साहित्यिकांचा व्यवहार म्हणून जपला गेला. ज्या बायकांची नावं कुणाला माहीत नाहीत त्यांच्या अंतर्देशीय पत्रांचं असं झालं नाही. निळ्या कागदाच्या शेवटच्या घडीवर, जिथे इंचभर जागा उरेल तिथे, लिहिलेली मेतकुटाची प्रमाणं, बहिणीच्या नणंदेला सांगितलेली पंचामृताची कृती, 'तुमच्याकडे गूळ कसा मिळतो ते कळव' अशा ओळी. घर बदलताना ते कागद रद्दीत गेले. अमेरिकेत हार्वर्डने एका गृहिणीची पत्रं सांभाळली. आपल्याकडच्या ग्रंथालयांनी आणि विद्यापीठांनीही आता घराघरांतल्या ट्रंका उघडायला हव्यात. काही घरांत अजून त्या आहेत.

आज अंतर तसं उरलेलं नाही. न्यू जर्सीतली मैत्रीण चिंचवडच्या ओट्यावर काय शिजतंय ते त्याच क्षणी पाहते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतो, खाली सहा जणी अंगठा दाखवतात, आणि तेवढ्यावर संपतं. तंत्रज्ञानाला दोष देण्यात अर्थ नाही. एव्हिसच्या हाती फोन असता तर तिने तोही वापरला असता. पण फोटोत फक्त साधलेला पदार्थ येतो. बिघडलेल्याचं कारण सांगावं लागतं, त्यासाठी कुणी विचारावं लागतं.

अनारशाचंच बघा. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, फडक्यावर निथळून किंचित ओलसर असतानाच कुटायचे, चाळायचे, गूळ किंवा साखर मिसळून गोळे मुरत ठेवायचे. तुपात सोडला आणि अनारसा हसला, म्हणजे जाळी न पडता विरघळून पसरला, तर कारणं किती तरी: गूळ जास्त झाला, पीठ ओलं राहिलं, तूप पुरेसं तापलं नव्हतं, तांदूळच नवा होता. परदेशातल्या दुकानातला तांदूळ कुठला, तिथला गूळ किती ओला, दिवाळीत तिथे थंडी पडल्यामुळे पीठ मुरायला दिवस जास्त लागतात का, हे तिथली माहीतगार मैत्रीणच सांगू शकते, आणि तिला ते विचारणारी इथे कुणी असेल तरच. एव्हिस आणि ज्युलिया दहा वर्षं एकमेकींना हेच विचारत होत्या. आवड दोघींची सारखी होती हे खरं, पण सारख्या आवडीची माणसं पुष्कळ भेटतात आणि विसरली जातात. या दोघी टिकल्या, कारण प्रत्येक पत्रात समोरचीला उत्तर द्यावंच लागेल असं काहीतरी नेमकं विचारलेलं असे.

तेव्हा यंदा बंगळुरूला, बर्लिनला किंवा बोस्टनला फराळाचा डबा धाडणार असाल तर त्यात हाताने लिहिलेला एक कागद घाला. भाजणीचं प्रमाण लिहा, चिवड्यात या वर्षी काय बदललं ते लिहा, जे बिघडलं तेही लिहा. आणि शेवटी एक प्रश्न विचारा. कशी आहेस, असा नको. त्याचं उत्तर 'मजेत' एवढंच येतं. तिथल्या रव्याचे लाडू वळताना पाक किती तारी घ्यावा लागतो, असा विचारा.